मित्रमंडळी आली की वेडापिसा होणारा जिरू: जरा सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. प्रश्न विचारणारे इंदूरला सुदामानगरमध्ये राहतात, त्यांच्याकडे ११ महिन्यांचा फिकट रंगाचा लॅब (लॅब्रॅडॉर) आहे, वजन २९ किलो, जिरावणावरून (पोह्यांवर घालायचा इंदुरी मसाला) त्याचं नाव ठेवलंय जिरू (नाव फार आवडलं). सहा मित्रमैत्रिणींचा ग्रुप, रविवारी सकाळी छप्पनवर (छप्पन दुकान, इंदूरची खाऊगल्ली) पोहे-जिलेबी, पावसाळ्यात शहराबाहेर चोरलकडे दाल-बाफल्यांची (बाफले म्हणजे कणकेचे भाजलेले गोळे) पिकनिक, आणि वाढदिवस कुणाचाही असला तरी यांच्याच घरी कारण गच्ची यांची मोठी. जिरू सगळीकडे बरोबर असतो आणि सगळीकडे धुमाकूळ घालतो. मागच्या वाढदिवसाला त्याने केकचं टेबल पाडलं, एका मैत्रिणीच्या आईच्या हाताला ओरखडे आले, आणि आता ग्रुपमध्ये हळूच "त्याला नका आणू" सुरू झालंय. रोज त्याला सुपर कॉरिडॉरच्या रस्त्यावर अ‍ॅक्टिव्हामागे पळवतात तरी तो दमत नाही. तर अजून किती व्यायाम द्यायचा, आणि सप्टेंबरमध्ये त्याचा पहिला वाढदिवस जोरात करायचाय तो करावा की नाही, हा प्रश्न.

मी १९ वर्षं झाली इंदूरमध्ये कुत्र्यांना शिकवते. खरं म्हणजे कुत्र्यांच्या माणसांना शिकवते, कुत्रे पटकन शिकतात.

सगळ्यात आधी, ते अ‍ॅक्टिव्हामागे पळवणं उद्यापासून बंद करा. प्लीज. लॅबसारख्या मोठ्या कुत्र्याची हाडं साधारण वर्ष-दीड वर्षापर्यंत वाढत असतात, हाडांच्या टोकाशी जो वाढणारा मऊ भाग असतो तो अजून पक्का झालेला नसतो, त्यात डांबरी रस्त्यावर एकसारख्या स्पीडने पळायचं, थांबायची मुभा नाही कारण पट्टा गाडीला, म्हणजे सांध्यांची वाट लागते. लॅबमध्ये मुळातच कंबर आणि कोपराचा त्रास जास्त दिसतो. आणि दुसरं म्हणजे तुम्ही त्याला दमवत नाही आहात, तुम्ही त्याचा स्टॅमिना वाढवताय! पहिल्या महिन्यात दोन किलोमीटरला धापा टाकत असेल, आता चारला टाकत नाही, अजून दोन महिन्यांनी सहाला टाकणार नाही. तुम्ही घरात एक पैलवान तयार करताय आणि मग तो केकच्या टेबलावर का आदळतो म्हणून विचारताय.

माझ्या मते जिरूला एक गोष्ट कुणी शिकवलेलीच नाही, ती म्हणजे माणसं आजूबाजूला असताना काहीही न करणं. बघा ना, त्याच्या आयुष्यात तुमचे मित्र आले की काय होतं? सहा जण एकदम दारात, "जिरूऽऽ" म्हणून आरडाओरडा, कुणी खाली बसून मिठी मारतं, कुणी कान ओढतं, कुणी प्लेटमधली सेव देतं, कुणी बॉल फेकतं. तो तीन महिन्यांचा, सात किलोचा असताना अंगावर उडी मारली की सगळ्यांनी "ओ ले ले" केलं असणार. आता तो २९ किलोचा झाला आणि नियम बदलले, पण त्याला कुणी सांगितलं नाही. त्याच्या हिशोबात मित्र म्हणजे दंगा, छप्पन म्हणजे दंगा, गाडीत बसलो म्हणजे दंगा. आणि तो त्याचं काम अगदी मन लावून करतोय.

आता काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगते. मी जिरूला बघितलेलं नाही. तुमच्या लिहिण्यावरून तो आनंदाने वेडा होतो, शेपूट सगळं अंग घेऊन हलते, असं चित्र दिसतंय. पण तो कुणी जवळ आलं की ताठ होत असेल, गुरगुरत असेल, खाण्याच्या भांड्यापाशी डोळ्यांच्या कडा पांढऱ्या दाखवून बघत असेल, तर पुढचं काही वाचू नका, प्रत्यक्ष कुणाला तरी दाखवा. ओरखडे नखांचे की दातांचे हेही तुम्ही लिहिलं नाही, दोन्हींत फरक आहे. पण दातांचे असोत की नखांचे, अगदी हलके जरी असले, तरी त्या काकूंनी डॉक्टरला दाखवायला हवं, जिरूची रेबीजची लस झालेली असली तरीही. तो विषय "आपलाच आहे हो" म्हणून सोडून द्यायचा नसतो.

वयाचाही भाग आहे. सहा महिने ते दीड-दोन वर्षं म्हणजे यांचं कॉलेजचं वय, ऐकू येतं पण ऐकायचं नसतं. कुणीतरी तुम्हाला "नसबंदी करा, शांत होईल" सांगितलंय असं लिहिलंय. नसबंदीचे फायदे वेगळे आहेत, केव्हा करायची ते डॉक्टरांशी बोला, पण पाहुण्यांवर उड्या मारणं त्याने थांबत नाही. उड्या हार्मोनमुळे नाहीत, उड्यांना बक्षीस मिळालंय म्हणून आहेत.

मग करायचं काय. एक चटई घ्या. जुनी सतरंजी घडी करून, किंवा बाथरूमबाहेरचं पायपुसणं, काहीही, फक्त उचलून नेता आलं पाहिजे. रोज संध्याकाळी तुम्ही चहा प्यायला बसता तेव्हा ती पायाशी टाका, जिरूला पट्टा लावा, पट्ट्याचं टोक तुमच्या मांडीखाली दाबा, आणि काहीही बोलू नका. तो आधी उभा राहील, तुमच्याकडे बघेल, भुंकेल, पट्टा चावेल, मग कंटाळून खाली बसेल. बसला की पनीरचा वाटाण्याएवढा तुकडा चटईवर ठेवायचा, तोंडात नाही द्यायचा, चटईवर ठेवायचा. कारण तोंडात दिला की त्याची नजर तुमच्या हातावर राहते, चटईवर ठेवला की त्याला वाटतं ही चटईच काहीतरी भारी चीज आहे. आडवा झाला की अजून एक. एका कुल्ल्यावर कलला, हनुवटी टेकवली, मोठा उसासा सोडला, की तिथे तीन तुकडे एकामागून एक. त्या उसाशाची मी वाट बघत बसते, अजूनही, इतक्या वर्षांनंतरही.

पनीर नको असेल तर उकडलेलं चिकन, उकडलेलं रताळं, गाजराचे तुकडे, किंवा त्याच्या रोजच्या खाण्यातलंच मूठभर बाजूला काढून ठेवा. लॅबला बक्षीस म्हणून यातलं काहीही चालतं, त्याबाबतीत तुम्ही नशीबवान आहात. दिवसाच्या खाण्यातून तेवढं कमी मात्र करा, नाहीतर दिवाळीपर्यंत जिरूचा गोणपाट होईल.

पहिले चार-पाच दिवस तीन मिनिटं, मग पाच, मग दहा. मग तुम्ही उठून स्वयंपाकघरात जाऊन या. मग टीव्हीचा आवाज. मग दाराची बेल, कुणी आलेलं नसताना. इथे लोक काय चूक करतात की सगळं एकदम वाढवतात. घरात दहा मिनिटं बसायला लागला की लगेच रविवारी छप्पनला घेऊन जातात आणि मग मला फोन, ताई तुमची चटई काम करत नाही. अहो, बालवाडीतून एकदम बारावीच्या बोर्डाला बसवलंत त्याला. वेळ वाढवायचा असेल तर गडबड वाढवू नका, गडबड वाढवायची असेल तर वेळ कमी करा. एका वेळी एकच.

दोन आठवड्यांनी एक मित्र बोलवा. एकच. आणि तो मित्र निवडताना ग्रुपमधला सगळ्यात कंटाळवाणा माणूस निवडा, प्रत्येक ग्रुपमध्ये असतो, येऊन सोफ्यावर बसून मोबाईल बघणारा. तोच आपल्या कामाचा. त्याला आधीच सांगून ठेवायचं की आत आल्यावर जिरूकडे बघायचं नाही, बोलायचं नाही, हात लावायचा नाही. जिरू पट्ट्यावर, पट्टा तुमच्या पायाखाली इतकाच दाबलेला की तो आरामात उभा राहू शकेल पण उडी मारायला गेला तर पुढचे पाय वर येणार नाहीत. झटका द्यायचा नाही, ओढायचं नाही, ओरडायचं नाही. चारही पाय जमिनीवर आले की मित्राने शांतपणे "काय जिरू" म्हणून छातीला हात लावायचा. पाय उचलले की हात मागे. असं पंधरा-वीस वेळा केलं की डोक्यात बसतं. कुत्रा हिशोबाला फार पक्का असतो, कशातून काय मिळतं तेवढंच तो बघतो.

खरी अडचण येते ती बाकीच्या पाच मित्रांची. त्यात एक तरी असतो जो म्हणतो, "अरे मला चालतं, मारू दे उडी, मला आवडतं." हा माणूस तुमचा खरा प्रॉब्लेम आहे, जिरू नाही. दहातल्या नऊ वेळा उडीला काही मिळालं नाही आणि दहाव्या वेळी या भियाने (म्हणजे भैयाने) मिठी मारली, तर उडी जास्त पक्की होते. लॉटरीचं तिकीट लोक का घेतात तसंच आहे ते. मी माझ्या क्लायंटना सांगते की त्या मित्राला स्वतंत्र काम द्या, तूच त्याला चटईवर बसवायचं, पनीरची डबी तुझ्याकडे. त्याला महत्त्व मिळालं की तो सगळ्यांना नियम शिकवत फिरतो. हमखास.

आणि ग्रुपमध्ये कुणी खरंच घाबरत असेल तर त्याची चेष्टा करू नका. "काही करत नाही तो" हे वाक्य घाबरलेल्या माणसाला काहीही उपयोगाचं नसतं. त्या दिवशी जिरू आतल्या खोलीत, पंखा सुरू, चघळायला काहीतरी, दार बंद. ही शिक्षा नाही. मोठा कुत्रा दिवसाचे बारा-चौदा तास झोपतो आणि या वयात झोप कमी पडली की तो दमलेल्या लहान मुलासारखा जास्तच नाचतो. तुमच्या त्या वाढदिवसाला पाहुणे सहाला आले आणि केक साडेनऊला कापला असं लिहिलंय. साडेतीन तास त्याला एक मिनिटाची झोप नाही! टेबल पडलं यात नवल काय.

हे मी शहाणपणाने सांगतेय असं वाटेल, पण माझ्याकडूनही घोळ झालेला आहे. धंद्यात नवीन होते तेव्हाची गोष्ट, आम्ही आठ-दहा जण पावसाळ्यात चोरलच्या बाजूला गेलो होतो, माझी तेव्हाची कुत्री राणी बरोबर, देशीच होती पण भयंकर चळवळी. मला सगळ्यांना दाखवायचं होतं की बघा माझा कुत्रा कसा सुट्टा राहतो. गोवऱ्यांवर बाफले भाजणं चाललंय, पाऊस भुरभुर, सगळ्यांच्या हातात भुट्टे, गप्पा, आणि राणी प्रत्येकाकडून काही ना काही घेत फिरतेय. तिसऱ्या दिवशी ती काही खाईना, पाणी पिऊन उलटी, पोट कडक. एक्स-रे, सोनोग्राफी, शेवटी ऑपरेशन, आतड्यात भुट्ट्याचा दांडा अडकलेला, दाणे खाऊन उरतो ना तो, बोटाएवढा तुकडा. वाचली. पण तो दांडा तिला कुणी दिला किंवा कुठून तिने उचलला हे मला आजही माहीत नाही, कारण मी बघतच नव्हते, मी मिरवत होते.

म्हणून पिकनिकच्या खाण्याबद्दल जरा जास्तच लिहिणार आहे, चालवून घ्या. आपल्या इंदुरी पार्टीत कुत्र्याला त्रास देणारं काय काय असतं याची लोकांना कल्पनाच नसते, सगळ्यांना फक्त चॉकलेट माहीत असतं.

भुट्ट्याचा दांडा तर सांगितला. आंब्याची कोय तशीच, उन्हाळ्यात आमरसाच्या जेवणानंतर कोयींचं ताट खाली ठेवलं की संपलं, लॅब कोय चावत नाही, गिळतो. दोन्ही पचत नाहीत आणि जठरातून पुढे सरकून आतड्यात बसतात, कधीकधी काही दिवसांनी त्रास सुरू होतो त्यामुळे कुणाला आठवतही नाही काय खाल्लं होतं. कचऱ्याची पिशवी गाडीच्या डिकीत, झाडाला टांगलेली नाही, जमिनीवर तर नाहीच नाही.

बाफले तुपात बुडवून काढलेले. माणसालाच दुपारी झोप येते, कुत्र्याला एकदम एवढं तूप गेलं की स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, त्यात उलट्या, पोट इतकं दुखतं की तो पुढचे पाय ताणून मागचा भाग वर करून उभा राहतो, नमस्कार घातल्यासारखा. तशी पोज आणि उलटी एकत्र दिसली तर घरगुती उपाय करत बसू नका. तूप लावायच्या आधीचा भाजलेला बाफला, वरचा पापुद्रा काढून, लहान तुकडा दिला तर काही होत नाही. डाळ नको, लसणाची फोडणी असते.

कांदा-लसूण हे मुख्य. पोह्यांवर आपण कच्चा कांदा घेतो, सेव, जिरावण. कांद्यातल्या गंधकाच्या घटकांमुळे कुत्र्याच्या लाल रक्तपेशी फुटतात, रक्त कमी होतं, आणि ते लगेच दिसत नाही, काही दिवसांनी हिरड्या फिकट, लघवी गडद, कुत्रा मलूल. कांद्याचं प्रमाण साधारण वजनाच्या किलोमागे १५ ते ३० ग्रॅम झालं की रक्तात बदल दिसतात असं धरतात, म्हणजे जिरूला चारशे-साडेचारशे ग्रॅमच्या पुढे. तेव्हा एका पोह्याच्या प्लेटमधला कांदा चाटला म्हणून रात्रभर जागायची गरज नाही. पण दर रविवारी सहा जणांच्या सहा प्लेटा चाटायला देत असाल, वर घरी रोज भाजीचा रस्सा भातावर, तर ते साठत जातं. लसूण कांद्यापेक्षा जास्त कडक.

मनुका, बेदाणे, द्राक्षं अजिबात नाही, एकही नाही. किती खाल्ल्यावर त्रास होतो हे कुत्र्याकुत्र्यागणिक बदलतं, एखाद्याला मूठभर खाऊन काही होत नाही आणि एखाद्याची थोड्यानेच किडनी बंद पडते, त्यामुळे सुरक्षित प्रमाण असं काही नाहीच. आणि मनुके आपल्याकडे कुठे नसतात, शिरा, खीर, गणपतीतलं पंचखाद्य, मोदकाचं सारण, इंदुरी शिकंजीतसुद्धा (आपलं दुधाचं घट्ट पेय) सुकामेवा असतो. चॉकलेट जितकं काळं आणि कडू तितकं वाईट, बेकरीतल्या साध्या ब्लॅक फॉरेस्टच्या एका घासाने २९ किलोच्या कुत्र्याला सहसा फक्त जुलाब होतील, डार्क चॉकलेटचा अख्खा बार वेगळी गोष्ट. शुगर फ्री च्युइंगममध्ये बऱ्याचदा झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) असतं, ते थोडंसंही धोक्याचं, साखर धाडकन खाली येते. पर्स जमिनीवर ठेवणाऱ्या मैत्रिणींना सांगून ठेवा. आणि बिअर चाटवून व्हिडिओ काढणारा मित्र असेल तर त्याला पार्टीलाच बोलवू नका, कुत्र्याऐवजी त्याला घरी ठेवा.

सोपा नियम: जिरूचा डबा वेगळा, त्या डब्यातलंच त्याला मिळणार, आणि डबा एकाच माणसाकडे.

आता कुठे न्यायचं आणि कुठे नाही. इथे माझं मत जरा कडक आहे. तुम्हाला वाटतंय की त्याला घरी ठेवलं तर अन्याय होतो. पण सराफ्यात, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजारात, दहा वाजता, खांद्याला खांदा, गरम तेलाच्या कढया, भुट्ट्याचा कीस, गराडू (तळलेला कंद), पायाखाली द्रोण आणि काड्या, तिथे कुत्र्याला काय मिळतं? वास मिळतो आणि शेपटीवर पाय मिळतो. रंगपंचमीची गेर (रंगांची मिरवणूक), अनंत चतुर्दशीच्या झांक्या (देखाव्यांची मिरवणूक), यात तर कुत्रा नेऊच नये, राजवाडा चौकात त्या दिवशी माणसाचा श्वास कोंडतो. कुत्र्याला साधारण ४५,००० हर्ट्झपर्यंतचं ऐकू येतं, आपलं २०,००० ला संपतं, आणि ढोल, डीजे, फटाके आपल्याला छातीत जाणवतात तर त्याचं काय होत असेल. मागच्या होळीला एक कुत्रा माझ्याकडे आणला होता, कुणीतरी पक्का रंग लावलेला आणि घरच्यांनी तो रॉकेलने पुसायचा प्रयत्न केलेला, कातडी सोललेली. रंग लागलाच तर कोरड्या फडक्याने झटकायचा, मग साधं पाणी आणि कुत्र्याचा शांपू, तो चाटणार नाही एवढं बघायचं.

छप्पन मी पूर्ण नाही म्हणणार नाही. पण रविवारी नऊ-साडेनऊला नाही. दोन महिने चटई झाल्यावर एखाद्या मंगळवारी सकाळी सातला जा, कडेला, गर्दीच्या तोंडावर नाही, वीस मिनिटं, तुम्ही एकच प्लेट खा आणि निघा. तो चटईवर पडून राहिला, एकदा तरी डोळे मिटले, की जिंकलात. विसाव्या मिनिटाला सगळं छान चाललंय म्हणून अजून अर्धा तास थांबायचा मोह होतो, तो टाळा. आणि पिशवी खिशात पाहिजे, २०१७ पासून सलग कित्येक वर्षं आपलं शहर स्वच्छतेत पहिलं आलंय, जिरूमुळे नाव जायला नको.

चोरल, सिमरोल, जानापाव बाजूची पिकनिक मात्र मला स्वतःला आवडते, कुत्र्याला खरा आनंद तिथेच मिळतो, कारण हुंगायला मिळतं. पाच मीटरची लांब दोरी घ्या, खांद्याच्या हार्नेसला लावा, गळपट्ट्याला नाही, आणि पहिला अर्धा तास त्याला पाहिजे तिथे पाहिजे तितका वेळ नाक घालू द्या. तुम्ही फक्त मागे चाला. अर्धा तास हुंगून झालं की कुत्रा तासभर पळवल्यापेक्षा जास्त निवांत होतो, कारण त्याचं डोकं काम करून आलेलं असतं. मग चटई टाका, मग तुमचा स्वयंपाक सुरू करा. हाच क्रम ठेवा. बहुतेक लोक उलटं करतात, पोचल्या पोचल्या बॉल फेकतात, कुत्रा पेटतो, आणि मग जेवताना तो ऐकत नाही म्हणून झाडाला बांधून ठेवतात.

सुट्टा सोडू नका. त्या पट्ट्यात बिबट्या आहे आणि बिबट्याला कुत्रा हे सगळ्यात सोपं जेवण, अंधार पडायच्या आत गाडीत. धबधब्याच्या प्रवाहात तर अजिबातच नको, पातालपाणीला २०११ मध्ये वरून अचानक लोंढा येऊन माणसं वाहून गेली ते आपल्यापैकी कित्येकांनी टीव्हीवर बघितलंय, लॅबला पाणी दिसलं की तो विचार करत नाही आणि त्याच्यामागे तुम्हीही करणार नाही. रालामंडल अभयारण्य आहे, तिथे कुत्रा न्यायचा विचार सोडा. साचलेल्या डबक्यातलं पाणी पिऊ देऊ नका, उंदरांच्या लघवीतून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा आजार) होतो, वर्षाची लस झालीय ना ते कार्ड बघा. घरी आल्यावर कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात, शेपटीखाली गोचीड बघायचे.

गावातले कुत्रे अंगावर आले तर जिरूला उचलू नका (२९ किलो, उचलताच येणार नाही म्हणा), पट्टा ताणू नका, मूठभर बिस्किटं त्यांच्या बाजूला फेका आणि वळसा घालून निघा.

उन्हाळ्याचं एवढंच, मार्च ते जून सकाळी सातच्या आत नाहीतर रात्री. हाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद ठेवता येत नसेल तर पंजेही ठेवता येत नाहीत. बंद गाडीत पाच मिनिटंसुद्धा नाही, दहा मिनिटांत आतलं तापमान दहा डिग्रीच्या आसपास वाढतं, काच थोडी उघडी ठेवून फरक पडत नाही. जीभ बाहेर, लाळ चिकट, पाय लडखडताहेत असं झालं तर आधी मिळेल ते पाणी भरपूर ओता, वारा घाला, मग डॉक्टरकडे पळा.

आत्तापर्यंतचं एकत्र सांगायचं तर: गाडीमागे पळवणं बंद, त्याऐवजी रोज दोन वेळा हुंगत हुंगत फिरणं, संध्याकाळी चटई, दोन आठवड्यांनी एक कंटाळवाणा मित्र, मग दोन, आणि तोपर्यंत मोठ्या पार्ट्यांना जिरू आतल्या खोलीत. मधे एखादा मोठा दंगा झालाच, पाहुणे, फटाके, डॉक्टरकडची चक्कर, तर पुढचे एक-दोन दिवस काही नवीन करू नका, डोकं तापलेलं असतं ते उतरायला वेळ लागतो. जांभया, सारखं ओठ चाटणं, ओला नसताना अंग झटकणं, हे तो "बास झालं" म्हणत असतो. जांभई आली म्हणजे झोप आली असं नसतं.

आणि सप्टेंबरचा वाढदिवस. करा की, मी कोण नाही म्हणणारी. फक्त ग्रुपमधल्यांचे इतर तीन कुत्रे बोलवायचे म्हणताय ते काढून टाका. चार तरुण कुत्रे, एक हॉल, मधे केक आणि खेळणी, यातून भांडण झालं नाही तर नशीब. भेटवायचेच असतील तर आदल्या रविवारी मोकळ्या मैदानावर समांतर चालत चालत भेटवा, एका वेळी एकच, खाणं मधे न आणता. फुगे नकोत, फुटलेला रबराचा तुकडा तो गिळणार. डोक्यावर टोपी फोटोपुरती दहा सेकंद. केक घरीच, कणीक, अंडं, उकडलेलं गाजर, वर दही, साखर-मीठ काही नाही. मेणबत्ती माणसांच्या केकवर लावा.

दुपारी त्याला नीट झोपू द्या, चारला हुंगायला नेऊन आणा, पाहुणे सहाला, दारात कुणी ओरडायचं नाही, जिरू चटईवर, एकेकाने येऊन भेटायचं, सव्वासहाला त्याचा केक, फोटो, आणि सात वाजायच्या आत त्याची चटई उचलून आतल्या खोलीत. तो पाच मिनिटांत घोरायला लागेल. मग गच्चीवर तुमचं गाणंबजावणं, पोहे, गराडू मिळाले तर गराडू, रात्री बारापर्यंत चालू द्या, आणि त्या मैत्रिणीच्या आईलाही बोलवा, पहिल्यांदा जिरूची ओळख त्यांच्याशीच करून द्या.